दात पांढरे करून घेतले : एका लग्नाच्या फोटोग्राफरचा हिशेब

दंतवैद्याच्या बोर्डावरच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंना मी भुलत नाही. नागपूरच्या महाल भागात माझा स्टुडिओ आहे, पोट लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं, आणि अल्बम छापायला जायच्या आधी नवरानवरीच्या दातांतला पिवळा रंग खाली ओढणं हे आमचं रोजचं काम. 'आधी'चा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला असतो, ओठ कोरडे, तोंड अर्धवट उघडं. 'नंतर'च्या फोटोला समोरून गोल रिंग लाइट, चेहऱ्यावर मेकअप आणि निळसर झाक असलेली गडद लाल लिपस्टिक. एवढं केलं की दाताला हात न लावताही दात उजळ दिसतात. हे मी स्वतः करून देतो, पैसे घेऊन.

त्यामुळे आमच्या घरात हा विषय निघाला तेव्हा मी सांगून टाकलं, फोटो मी काढणार. सकाळची वेळ, गच्चीवरच्या टाकीची सावली, हनुवटीखाली १८ टक्के राखाडी कार्ड, तीच लेन्स, तोच उजेड. खाली जे काही लिहितो आहे ते त्या फोटोंवरून.

आषाढी एकादशी झाली की आमचा धंदा थंडावतो, तो थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. भाचीचं लग्न त्यानंतरच्या मुहूर्तावर ठरलेलं. तिला दात नीट करून घ्यायचे होते, तिचं बघून आमच्या सौभाग्यवतींना, आणि दिवसभर टपरीवरचा चहा पिणाऱ्या मलाही. तिघांचे दात तीन कारणांनी खराब झालेले होते. हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं; एकच काहीतरी 'व्हाइटनिंग' असतं आणि ते सगळ्यांना लागू पडतं, अशी आमची समजूत.

आधी रामदासपेठेतल्या एका चकचकीत दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. एसी थंडगार, सोफे भारी, कॉफीचं मशीन. काउंटरवरच्या मुलीने आमच्यापैकी एकाचंही तोंड उघडून बघायच्या आधी छापील कार्ड पुढे केलं. एका तासात 'लेझर व्हाइटनिंग', आठ शेड उजळ, माणशी साधारण १८ हजार, तिघं एकदम केले तर सूट. आत डॉक्टरांनी भाचीकडे बघून लगेच व्हिनियर सुचवले, म्हणजे समोरचे दात थोडे घासून त्यावर पातळ पापुद्रे चिकटवायचे. दात घासला की घासला, तो परत येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारल्यावर 'अगदी थोडासाच' म्हणाले. आणि ज्याला ते लेझर म्हणत होते तो निळा एलईडी दिवा होता. दिव्यांमधलं मला थोडंफार कळतं.

मग लक्ष्मीनगरकडे एका डॉक्टर मॅडमचा दवाखाना आमच्या अल्बम बाइंडरने सांगितला. पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही, बाहेर चपलांचा ढीग. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. खाली गाडी लावायला जागा शोधता शोधता माणूस अर्धा तिथेच थकतो. पण आत गेल्यावर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "दात पिवळे आहेत हे दिसतंच आहे. ते कशाने झाले ते आधी बघू या, मग पैशाचं बोलू."

माझ्या तोंडात आरसा घालून त्यांनी खालच्या समोरच्या दातांची मागची बाजू दाखवली. तिथे कीटण इतकं जमलं होतं की दोन दातांमधली फट दिसतच नव्हती, तपकिरी भिंत उभी. म्हणाल्या, यावर कितीही महागडं जेल लावा, ते कीटणावर लागेल, दातावर नाही. म्हणून आधी स्केलिंग आणि पॉलिश. मशीनची टोकदार कांडी पाण्याच्या फवाऱ्यासकट थरथरत फिरते, कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं, आणि मध्येच कट् करून कीटणाचा तुकडा जिभेवर पडतो. तो मला थुंकून बघायचा होता, बघितला. आकाराने तुरीच्या डाळीएवढा. शेवटी लाल रबरी वाटीने पेस्ट लावून पॉलिश. १,२०० रुपये झाले. गच्चीवरच्या फोटोत निम्म्याहून जास्त फरक या १,२०० रुपयांतच पडलेला दिसतो. चहाचे डाग दाताच्या वरच्या अंगावर असतात, ते असेच निघतात. खरं तर माझं काम इथेच भागलं असतं, आणि मॅडमनी तसं बोलूनही दाखवलं.

पुढे जायचं म्हटलं तेव्हा त्यांनी शेड बघितली, आणि इथे मला बाई आवडल्या. त्यांच्याकडे दातांच्या नमुन्यांची ती पट्टी होती, १६ छटांची, ए-१ पासून डी-४ पर्यंत. ती अक्षरांच्या क्रमाने न लावता उजळ ते गडद अशी लावलेली होती : सगळ्यात पुढे बी-१, शेवटी सी-४. त्यांनी खुर्चीवरचा दिवा बंद केला. आम्हाला खिडकीपाशी नेलं. सौभाग्यवतींना लिपस्टिक पुसायला लावली. नमुना दाताशेजारी धरून चार-पाच सेकंद बघायचं आणि लगेच नजर काढून भिंतीवरच्या राखाडी कागदाकडे न्यायची, कारण डोळा जास्त वेळ रोखला की पिवळ्याला सरावतो. मी स्टुडिओत नव्या पोरांना हेच शिकवतो. साफसफाईनंतर मी ए-३ वर निघालो, सौभाग्यवतीही तिथेच आसपास.

दात पांढरे होतात म्हणजे नेमकं काय होतं, हे मॅडमनी कागदावर दात काढून समजावलं. बाहेरचं इनॅमल काहीसं पारदर्शक असतं, आतलं डेंटिन पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजत जातं आणि आतला पिवळेपणा जास्त जाणवायला लागतो. ब्लीचिंगच्या जेलमधलं पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगाचे मोठे रेणू तोडून लहान, बिनरंगी करतं. घासणं, खरवडणं यात नाही. याच कारणाने कॅप, सिमेंट, व्हिनियर यांचा रंग बदलत नाही. तिथे तोडायला काही नसतंच. माझी एक दाढ कॅपवाली आहे, मागे आहे म्हणून चाललं. सौभाग्यवतींच्या समोरच्या दातात कॉलेजात असताना भरलेलं सिमेंट होतं. दात उजळला की ते पिवळं उठून दिसणार, बदलावं लागणार, आणि तेही लगेच नाही, दोनेक आठवडे थांबून, कारण ब्लीचिंगनंतर दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे नवं सिमेंट नीट धरत नाही. हा वरचा खर्च त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिला. एसीवाल्या दवाखान्याने सिमेंटाचा शब्दही काढला नव्हता.

मी ट्रेचा मार्ग घेतला, म्हणजे जेल घातलेला साचा दातांवर चढवून रात्री घरीच झोपायचं. वरच्या आणि खालच्या दातांचं माप त्या गुलाबी लगद्यात घेतात, उलटी येते की काय असं वाटतं, नाकाने श्वास घेत बसायचं. मापावरून प्लास्टरचे दात, आणि त्यांवर पारदर्शक पत्रा तापवून, हवा ओढून बसवलेला ट्रे. हिरडीच्या कडेने कापलेला. माझ्या ट्रेची एक कड वरच्या सुळ्यापाशी टोचत होती. फोन केला तर दोनदा कोणी उचललाच नाही, प्रत्यक्ष गेलो तेव्हा कात्री आणि घासणीने दोन मिनिटांत नीट करून दिली. फोन उचलण्याच्या बाबतीत हा दवाखाना पार ढिला आहे, हे लिहून ठेवतो.

जेल १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं. आकडा ऐकून मी जरा हिरमुसलो, कारण रामदासपेठेत चाळीसच्या गोष्टी चालल्या होत्या. पण कार्बामाइडचं तोंडात युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि १० टक्क्यांमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ते हळूहळू, रात्रभर सुटत राहतं. ही पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी छापून मांडली आणि तेव्हापासून जगभर चालू आहे. जास्त टक्क्यांचं जेल लवकर परिणाम दाखवतं, पण ट्रेवाला मागून गाठतो. घाई नसेल तर जास्त टक्क्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मला चातुर्मासात कसली घाई?

प्रत्येक दातासमोर ट्रेमध्ये मोहरीपेक्षा जरा मोठा ठिपका. जास्त घातलं की कडेने बाहेर येतं आणि हिरडी पांढरी पडून चुरचुरते; बाहेर आलेलं बोटाने किंवा मऊ ब्रशने पुसून काढायचं. रात्री लावून झोपायचं, सकाळी ट्रे थंड पाण्याने धुवायचा. गरम पाणी लावलं तर तो वाकतो. मॅडमनी खास सांगितलं होतं की जेलची सिरींज फ्रीजमध्ये ठेवा, आणि ट्रे गाडीत कधीच विसरू नका. नागपूरच्या मे महिन्यात काच बंद केलेल्या गाडीत तो कुरडईसारखा वाकडा होऊन निघतो. आमच्या फ्रीजमध्ये आता लोणच्याच्या बरणीमागे दातांची औषधं असतात, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती काय म्हणून विचारतो.

आधी फक्त वरचे दात करायला लावले. खालचे तसेच ठेवायचे, म्हणजे रोज आरशात तुलना होते. ही युक्ती इतकी सोपी आहे की बोर्डावरच्या सगळ्या फोटोंची गरजच संपते. वरचे आणि खालचे एकाच उजेडात, एकाच तोंडात. आठवडा सरला तेव्हा माझ्या फोटोत वरची आणि खालची ओळ दोन वेगळ्या माणसांच्या वाटायला लागल्या. स्टुडिओतल्या पोराने न सांगता ओळखलं, "दादा, वरचे कवळीचे लावले का?"

शिवशिवणं झालं, हे सांगायला हवं. माठातलं पाणी प्यायलो की वरच्या दोन दातांतून सर्रकन कळ जायची. त्याला उपाय : पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हवाली पेस्ट ट्रेमध्येच थोडा वेळ लावून ठेवायची, आणि एक-दोन रात्री जेल बंद. तेवढ्याने थांबलं. जेल पूर्ण बंद केल्यावर तर काही दिवसांत नामोनिशाण उरलं नाही. शेवटी मी ए-२ पेक्षा जरा उजळ छटेवर थांबलो. ट्रे, माप, सिरींज मिळून सहा हजारांच्या आत-बाहेर. पुढच्या वर्षी थोडा रंग उतरला तर ट्रे आहेच, नुसती सिरींज घ्यायची.

सौभाग्यवतींना रात्री तोंडात काही घालून झोपणं मान्य नव्हतं. त्यांनी खुर्चीतलं करून घेतलं. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो, म्हणून नीट सांगू शकतो. ओठ आणि गाल ताणून धरणारी प्लॅस्टिकची चौकट, माणूस एकदम कवटीसारखा दिसतो. मग हिरड्यांच्या कडेने निळा चिकट पदार्थ लावून तो दिव्याने कडक केला. हीच खरी महत्त्वाची पायरी, कारण जेल ३५ टक्क्यांच्या पुढचं, हिरडीला लागलं तर भाजतं. मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ इथे घातला. त्यानंतर जेल, पाव तास, ओढून काढणे, परत जेल. असं तीन वेळा. दिवा त्यांच्याकडेही आहे, पण त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "काम जेल करतं भाऊ. दिव्याने कायमचा काही फरक पडत नाही, उलट दात तापतो. पण पेशंटला दिवा लागतो. दिवा नसला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही."

खर्च साडेनऊ हजार. उठल्या उठल्या आरसा दिला आणि सौभाग्यवती इतक्या खूश झाल्या की जिना उतरता उतरता बहिणीला फोन. मी फोटो काढून ठेवला. तो फोटो आज बघितला तर दात चुन्यासारखे दिसतात. तोंड तासभर उघडं राहिल्याने दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. ओलावा परत आला की रंग थोडा मागे येतो. आठवड्याने गच्चीवर काढलेल्या फोटोत खरा रंग दिसला : छान उजळ, पण त्या दिवशीच्या आरशातला नाही. सगळे 'नंतर'चे फोटो खुर्चीवरून उठल्याबरोबर का काढतात, ते आता कळलं असेल.

त्या रात्री मात्र त्यांना बऱ्यापैकी कळा मारल्या. अचानक, विजेसारख्या, कुठल्याही एका दातात. गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी उतरल्या. दोन दिवस रंगाचं काही खायचं नव्हतं. चहा नाही, हळद नाही, बीट नाही. नागपुरात हे किती अवघड आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सकाळी पोहे खायचे तर तर्रीशिवाय, आणि पोह्यांतही हळद असतेच. सावजीचा रस्सा तर लांबूनही बघायचा नाही. दही-भात, इडली, दूध, पनीर, परत दही-भात. आंबटही नको होतं, दात दुखत असताना आंबट झोंबतं. तेव्हा आंबिया बहाराची संत्री नुकती बाजारात यायला लागलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जी तर्री ओढली ती बघण्यासारखी होती.

भाचीचं प्रकरण वेगळं, आणि मला वाटतं दवाखान्याची परीक्षा तिथेच झाली. तिचं बालपण यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या गावात गेलं, बोअरचं पाणी पिऊन. तिच्या समोरच्या दातांवर पांढुरके ढगांसारखे पट्टे आणि दोन दातांवर तपकिरी डाग. त्या भागात अशी पोरं गावोगाव दिसतात. पाण्यात फ्लोराइड जास्त, आणि पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच ते इनॅमलमध्ये बसतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं असं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तिच्या गावच्या पाण्याचं मोजमाप कोणी केलं की नाही देव जाणे. पोरीला मात्र शाळेत सगळे म्हणायचे, दात घासत नाही. ती अजूनही हसताना हात वर नेते. मी तिचा मामा, फोटोग्राफर, माझ्याकडे तिचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. एकातही दात दिसत नाहीत.

मॅडमनी तिला खुर्चीतल्या ब्लीचिंगला सरळ नाही म्हटलं. कारण असं की फ्लोराइडच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्लीच केलं तर सुरुवातीला ते पट्टे आणखीनच पांढरे होऊन उठतात. ऐन लग्नात तेच झालं असतं तर काय घ्या. त्यांनी आधी मायक्रोअब्रेजन केलं. दातांवर रबरी पडदा ताणून फक्त काम करायचे दात बाहेर ठेवले, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक पूड यांची पेस्ट हळू फिरणाऱ्या रबराने थोडी थोडी चोळली, धुतली, बघितलं, परत चोळली. इनॅमलचा अगदी पातळ थर निघतो आणि वरवरचा तपकिरी डाग त्याच्याबरोबर जातो. वरून फ्लोराइडचं जेल, ज्याचा भाचीला फार राग आला, "मामा, ज्याने वाट लावली तेच परत लावून राहिल्या ना ह्या!" मॅडम हसल्या, तेव्हा पोटात गेलं होतं, आता वरून लावून थुंकायचं आहे. त्यानंतर काही आठवडे १० टक्क्यांचं जेल ट्रेमधून, म्हणजे आजूबाजूचा रंग उजळून पट्टे त्यात मिसळून जावेत.

एका दातावरचा डाग खोल होता, पूर्ण गेला नाही. तो फिकट झाला, बदामी राहिला. मॅडमनी सांगितलं होतं की नाही गेला तर तेवढ्याच जागी सिमेंट लावू, बाकीच्या दातांना हात लावायचा नाही. भाची म्हणाली राहू द्या. एकूण खर्च अकरा हजारांच्या घरात, व्हिनियरच्या आकड्यापुढे काहीच नाही. तिच्या अकरावीतल्या भावालाही करायचं होतं. त्याला १८ वर्षांनंतर ये म्हणून परत पाठवलं. युरोपात तर पेरॉक्साइडची असली उत्पादनं अठराच्या आतल्या मुलांना वापरायला कायद्यानेच मनाई आहे.

लग्नात अंतरपाटाच्या वेळी मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, म्हणून तो फोटो माझ्या पोराने काढला. फोकस थोडा नवरदेवाच्या फेट्यावर गेला आहे. पण हात खाली आहे आणि दात दिसून राहिले आहेत.

आता जे खर्रा खातात त्यांच्यासाठी, कारण हा मजकूर वाचणाऱ्या नागपूरकरांत ते असणारच. आमच्या लाइटिंगवाल्याने माझे दात बघून मॅडमचा पत्ता घेतला. दिवसभरात पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुना घोटलेल्या पन्न्या किती होतात ते तोही सांगू शकत नाही. मॅडमनी त्याला शेड दाखवली नाही, तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, तीही ओढून. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. पुढे त्यातून कॅन्सरचा धोका असतो. गालात आत एक पांढरा चट्टाही होता. "रंगाचं मी काहीच करणार नाही. आधी हे दाखवा," म्हणून चिठ्ठी देऊन मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय कॉलेजच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. तो माझ्यावर आठवडाभर चिडून होता की दात पांढरे करायला गेलो आणि कायले घाबरवून परत पाठवलं. गेला मात्र, केस पेपर काढला, उपचार चालू आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि खर्रा चौकाचौकात घोटला जातो, त्यावर आणखी काय लिहायचं.

तंबाखूची गुडाखू किंवा मशेरी दातांना लावणाऱ्यांचंही तसंच. डाग साफसफाईने निघतील, सवय चालू राहिली तर परत येतील, ब्लीचिंगचे पैसे पाण्यात. आणि ती काळी कोळशाची पेस्ट, लिंबू-सोडा वगैरे : खरखरीत पूड आणि आम्ल रोज घासलं तर इनॅमल झिजतं, मग आतलं पिवळं अजून दिसतं. दीर्घकाळ क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या करणाऱ्यांचेही दात तपकिरी होतात, हे मला इथेच कळलं. माझे साडू कित्येक महिने त्या करत होते आणि चहाला दोष देत होते.

दवाखान्याला दहापैकी आठ देतो. एक गुण फोनचा कापला, एक अरुंद जिन्याचा, म्हाताऱ्या माणसाने चढायचं कसं? पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, पण मागितली की नीट, बाबवार मिळते. गुरुवारी दुपारी बंद. संध्याकाळी गेलात तर शाळकरी पोरांची तारा लावायची गर्दी असते, सकाळी अकराच्या सुमारास मोकळं. गर्भार असाल, अंगावर पाजत असाल, कीड किंवा हिरड्यांतून रक्त असेल तर त्या आधी थांबवतात, भांडू नका. जाताना एकच करा : लिपस्टिक पुसून, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी आपला एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. त्यांच्या काढलेल्या फोटोवर विसंबू नका, मॅडम चांगल्या आहेत पण फ्लॅश समोरून मारतात.